बारा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि पुण्याला परतायचा विचार

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं की तुम्ही अमेरिकेत डॅलसजवळ अकरा वर्षं आहात, मिस्टर एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, आय-१४० म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीने करायचा अर्ज मंजूर होऊन पडलाय पण ग्रीन कार्डचा नंबर कधी लागेल याचा काही भरवसा नाही. मुलगा पुण्यात जन्मला, वर्षाचा असताना तिकडे आला, आता बारा वर्षांचा आहे आणि सहावीत आहे. मुलगी तिकडचीच, सहा वर्षांची. सासू-सासरे कोल्हापूरला, सासऱ्यांची मागच्या वर्षी बायपास झाली आणि तेव्हापासून घरात रोज रात्री जेवण झालं की हाच विषय निघतो. तुम्ही विचारलंय की मुलांचं नुकसान न होता परत येता येईल का, आणि यायचं तर कधी.

मी गेली एकोणीस वर्षं पुण्यातल्या शाळांमध्ये समुपदेशक म्हणून काम करतेय आणि त्यात परदेशातून आलेली मुलं खूप बघितली, अमेरिकेतून, लंडनहून, दुबईहून, सिंगापूरहून. शिवाय आम्ही स्वतः न्यू जर्सीत आठ वर्षं काढून मुलगी आठ वर्षांची असताना परत आलो. त्यामुळे यातलं बरंचसं बघून आणि थोडं सोसून सांगतेय.

सगळ्यात आधी एक गोष्ट, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. परत तुम्ही दोघं येताय. मुलं परत येत नाहीयेत, ती आपलं गाव सोडून परगावी चाललीत. तुम्हाला विमानातून उतरल्यावर जो वास येतो, रिक्षावाल्याशी जे दोन शब्द बोलून बरं वाटतं, ते त्यांच्या वाट्याला नाही, त्यांचं 'आपलं' सगळं डॅलसला राहतं. तुम्ही ज्या वयाचे असताना तिकडे गेलात ना, तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला जे वाटलं होतं ते आठवा आणि आता तेच बारा वर्षांच्या मुलाला वाटणार आहे असं धरून चला, फक्त तुम्ही स्वतः ठरवून गेला होतात आणि त्याला कुणी विचारलेलं नाही. हे एकदा मनात पक्कं बसलं की 'अरे, आपल्याच घरी तर आलोय, रडतोस काय' हे वाक्य तोंडातून जात नाही. हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय, आणि दर वेळी त्यानंतर मूल बोलायचंच बंद झालेलं बघितलंय.

आमच्या मुलीचं सांगते. आम्ही जूनमध्ये आलो, कोथरूडला सोसायटीत राहायला लागलो, चौथ्या की पाचव्या दिवशी ती खाली खेळायला गेली आणि संध्याकाळी नाचत वर आली, म्हणाली आई मला त्यांनी लिंबूटिंबू केलं! तिला वाटलं काहीतरी मोठा मान मिळाला. मी काही बोलले नाही. तिथे डबा ऐसपैस आणि लगोरी चालायची, हिला नियम माहीत नाहीत, पळताना कुठे लपायचं कळत नाही, मराठी बोलायची पण मुलं भराभर जे बोलतात ते तिला कळायला दोन सेकंद जास्त लागायचे, मग त्या मुलांनी त्यांच्या परीने चांगुलपणाच केला, हिला आऊट करायचं नाही असं ठरवलं. तीन दिवसांनी तिला कळलं की लिंबूटिंबू म्हणजे जी खेळात असते पण धरलीच जात नाही ती, आणि तिच्याशिवाय त्या गटातला दुसरा लिंबूटिंबू साडेतीन वर्षांचा होता. त्या रात्री ती जी रडली ते मला अजून आठवतं. आणि मला हेही आठवतं की साधारण दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी ती धापा टाकत वर आली, गुडघा फुटलेला, आणि दारातूनच ओरडली, आज माझ्यावर राज्य आलं. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे आठ वर्षांच्या, मराठी बोलता येणाऱ्या, तशा मोकळ्या स्वभावाच्या मुलीला राज्य यायला चार-साडेचार महिने लागले. तुमच्या मुलाला यापेक्षा जास्त लागतील. बारा वर्षांच्या मुलांचे खेळ कमी आणि ग्रुप जास्त असतात, आणि ग्रुपमध्ये शिरणं खेळात शिरण्यापेक्षा अवघड.

आता वयाचं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलं आली की वर्षभरात मिसळतात, तुमच्या मुलीची मला फारशी काळजी नाही, ती पहिली-दुसरीत बसेल, बाकीची मुलंही तेव्हाच लिहायला शिकत असतात. नऊ ते बारा हे मधलं वय, जमतं पण मेहनत लागते. तेरा ते सोळा या वयात भारतात आणायचं म्हटलं तर मी बहुतेक वेळा थांबा म्हणते, आणि नववी-दहावीत तर आणूच नका. सीबीएसईचं रजिस्ट्रेशन नववीत आणि अकरावीत होतं, त्यामुळे थेट दहावी किंवा बारावीत प्रवेश मिळणं फार अवघड जातं. ते एक वेळ जमवता येईलही, पण इथे नववी-दहावीची दोन वर्षं मुलं अक्षरशः शाळा-क्लास-घर करत असतात, नव्या मुलाशी मैत्री करायला कुणाला वेळच नसतो. तुमचा मुलगा आता सहावी संपवतोय म्हणजे येत्या जूनमध्ये आलात तर सातवीत बसेल आणि त्याला नववीच्या आधी पूर्ण दोन वर्षं मिळतील. त्यापुढच्या जूनला आलात तर एकच. त्यापुढे मी नको म्हणेन.

काही पालक विचारतात एक वर्ष खाली बसवू का, म्हणजे भाषा सुधारेल. पहिली-दुसरीत काही हरकत नाही. बारा वर्षांच्या मुलाला बसवू नका, भाषा त्याने सुधारत नाही, फक्त आपण नापास झालोय असं त्याला वाटत राहतं.

भाषेचा मुद्दा मात्र तुम्ही समजताय त्यापेक्षा मोठा आहे. तुम्ही लिहिलंय की तो घरी मराठी बोलतो. ती छान गोष्ट आहे, तुम्ही दोघांनी अकरा वर्षं धरून ठेवलीत हे सोपं नाही. पण बोलायची भाषा आणि शाळेची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी. कॅनडातले जिम कमिन्स म्हणून भाषा-शिक्षणाचे अभ्यासक आहेत, त्यांनी १९७९ पासून हे मांडलंय, की नवीन देशात आलेलं मूल साधारण दोन वर्षांत गप्पा मारण्याइतकी भाषा पकडतं पण वर्गातल्या अभ्यासाच्या भाषेत बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यांचं काम तिकडे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांवरचं आहे, पण मी हीच गोष्ट उलट्या दिशेने इथे मराठी-हिंदीच्या बाबतीत रोज बघते. मुलगा आजीशी फडाफडा बोलतो म्हणून पालक निर्धास्त असतात, आणि मग सातवीच्या हिंदीच्या पुस्तकातला पहिला धडा उघडल्यावर त्याला जोडाक्षरंच लागत नाहीत.

महाराष्ट्रात २०२० पासून मराठी शिकवणं सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीचं आहे, आयबी-आयजीसीएसई या आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या शाळासुद्धा त्यातून सुटलेल्या नाहीत, आणि बऱ्याच शाळांत आठवीपर्यंत हिंदीही असते. बाहेरून आलेल्या मुलाला किती सवलत द्यायची हे शाळेशाळेवर फिरतं म्हणून प्रवेश घेण्याआधी लेखी विचारा. तोंडी नको. माझ्याकडे आलेल्या एका मुलाच्या शाळेने प्रवेशाच्या वेळी 'हिंदीचं आपण बघून घेऊ' म्हणून सांगितलं होतं, आणि सहामाहीत त्याला सरळ नऊ मार्क देऊन प्रगतिपुस्तक घरी पाठवलं. गणितात तो वर्गात पहिला होता, पण त्याला ते नऊच दिसत राहिले.

यात एक चांगली गोष्ट आहे. मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी, म्हणजे लिपी एकदाच शिकायची आणि दोन विषयांना पुरते. आजपासून रोज वीस मिनिटं, बाराखडी आणि जोडाक्षरं, आणि वाचन मोठ्याने. डॅलसकडे मराठी शाळा चालते, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अशा शाळा अमेरिकेत बऱ्याच शहरांत आहेत, रविवारी तिथे घालाच पण आठवड्यातून दीड तासाने लिपी पक्की होत नाही, ती घरीच होते. ही वीस मिनिटं तुम्ही शेवटी तिकडेच राहायचं ठरवलंत तरी वाया जात नाहीत.

अजून एक, तो घरी सगळ्यांना 'तू' म्हणतो का बघा. तिकडे वाढलेली बहुतेक मुलं म्हणतात, कारण इंग्रजीत एकच शब्द आहे आणि घरात आई-आजी दोघींना 'तू'च चालतं. मग इथे येऊन सरांना 'तू सांग ना' म्हणतात आणि वर्ग हसतो किंवा सर उद्धट समजतात. एका मुलाला मी स्वतः बसून शिकवलं, की आजोबा, सर, बाई, वॉचमन काका, दुकानदार, सगळे तुम्ही. आई, आजी, मित्र तू. त्याने वहीत दोन रकाने करून लिहून घेतलं होतं. असल्या बारीक गोष्टी मुलाला फार छळतात. तारीख लिहिताना आधी महिना लिहिणं, इंच-फूट-फॅरनहाइट, टॉयलेटला जायचं तर रेस्टरूम म्हणणं, बाई वर्गात आल्यावर उभं न राहणं, पेन्सिलऐवजी शाईच्या पेनने लिहायची सवय नसणं, आणि सगळ्यात जास्त म्हणजे उच्चार. पहिले काही महिने मुलं त्याच्याकडून मुद्दाम 'वॉटर' म्हणवून घेतील. हे त्याला आधीच सांगून ठेवा, म्हणजे झालं की त्याला निदान माहीत असेल की हे होणार होतं.

शाळेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बरेच जण आल्या आल्या मुलाला महागड्या आंतरराष्ट्रीय शाळेत घालतात, फी वर्षाला काही लाख, कारण तिकडच्यासारखं वातावरण मिळेल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलासाठी तेच बरोबर. पण सातवीतल्या मुलासाठी मी घराजवळची, मुलं पायी किंवा सायकलने येतात अशी साधी सीबीएसई किंवा आयसीएसई शाळा बघायला सांगते, वर्गात चाळीसपेक्षा कमी मुलं असली तर उत्तमच. शाळेतला मित्र संध्याकाळी खाली भेटला पाहिजे. दीड तास बसमध्ये बसून मूल घरी आलं की त्याला कुणी उरत नाही. शाळा बघायला जाल तेव्हा मुख्याध्यापकांना एवढंच विचारा की गेल्या दोन-तीन वर्षांत बाहेरून आलेली मुलं आहेत का, आणि त्यातल्या एखाद्या आईचा नंबर मिळेल का. ज्या शाळा लगेच देतात त्या चांगल्या.

कागदांचं भराभर सांगते कारण इथे लोक फार चुकतात, आणि तुमच्या घरात दोन मुलांचे दोन वेगळे पासपोर्ट आहेत.

मुलगा भारतीय नागरिक, तिकडे एच-फोरवर, म्हणजे वडिलांच्या व्हिसावर अवलंबून. एकवीस पूर्ण झाली की तो डिपेंडंट राहत नाही, तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर त्याला स्टुडंट व्हिसावर जावं लागतं आणि मग बहुतेक ठिकाणी फी परदेशी विद्यार्थ्याची. तुमच्या नंबराचा वेग बघता मी त्यावर विसंबून राहणार नाही. उलट इथे तो पूर्ण भारतीय विद्यार्थी, जेईई-नीट सगळं खुलं.

मुलीचं उलटं आहे. ती अमेरिकन नागरिक, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तिच्याकडे ओसीआय असेल, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळतं ते कार्ड. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनंतर ओसीआय मुलांना मेडिकल-इंजिनिअरिंगच्या प्रवेशात फक्त एनआरआय किंवा जादाच्या जागा मिळतात, त्यांची फी खूपच जास्त. सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितलं की ज्यांचं कार्ड त्या तारखेच्या आधीचं आहे त्यांना जुनेच हक्क राहतील. तर आज रात्री कपाटातून तिचं कार्ड काढून त्यावरची तारीख बघा, यावर बारा वर्षांनी काही लाख रुपयांचा फरक पडू शकतो.

आणि 'ती अमेरिकन आहे, अठराची झाली की तिकडे कॉलेजला जाईल' असं धरून चालला असाल तर हेही बघा, की पासपोर्ट असला म्हणून राज्याची कमी फी आपोआप मिळत नाही. बहुतेक राज्यांत त्यासाठी आधी निदान वर्षभर तिथे राहिलेलं लागतं आणि लहान मुलाच्या बाबतीत आईवडिलांचा पत्ता बघतात. सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज ती करू शकेल, नागरिक म्हणून. पण पुण्यातून थेट गेली तर सरकारी विद्यापीठातही बाहेरच्या राज्यातल्या मुलासारखी फी पडेल. हे माहीत नसल्याने मी दोन घरांत अठराव्या वर्षी मोठी निराशा बघितलीय.

बाकी किरकोळ. अमेरिकन शाळा आपल्यासारखा शाळा सोडल्याचा दाखला देत नाहीत, त्यामुळे मागच्या तीन वर्षांची रिपोर्ट कार्डं आणि शाळेच्या लेटरहेडवर, शिक्क्यासकट, हा मुलगा अमुक इयत्ता पास झाला असं पत्र निघायच्या आधी मागून ठेवा, इथे बसून ईमेलवर ते मिळवताना नाकी नऊ येतात. मुलीचं आधार कार्ड इथे १८२ दिवस राहिल्यावरच निघेल. लसीकरणाचे कागद आणा आणि आल्या आल्या इथल्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तिकडे बीसीजी आणि टायफॉइड नेहमीच्या यादीत नसतात. मुलीचा अमेरिकन पासपोर्ट सोळा वर्षांखाली पाच वर्षांचाच असतो आणि दर वेळी दोघा पालकांची संमती लागते. पैशांबद्दल मी सांगणार नाही, त्यासाठी दोन्हीकडचं कळणारा सीए बघा, फक्त त्याला विचाराल तेव्हा आरएनओआर हा शब्द लक्षात ठेवा, परतल्यावरची पहिली दोन-तीन वर्षं परदेशी उत्पन्नाला जी सूट मिळते ती त्यात येते, आणि मुलीच्या नावावर इथे विचार न करता एफडी करू नका, ती अमेरिकन करदाती आहे. आय-१४० मंजूर आहे म्हणजे प्रायॉरिटी डेट, ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख, सहसा तुमचीच राहते, पण उद्या परत जावंसं वाटलं तर बाहेरून एच-वन-बीचा नवा अर्ज करावा लागेल, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तशा नव्या अर्जांवर एक लाख डॉलरची फी लावली गेली, त्यामुळे 'नाही जमलं तर सहा महिन्यांत परत जाऊ' हा हिशोब वकिलाला विचारल्याशिवाय मनात धरू नका.

आता सासू-सासऱ्यांकडे येते, कारण तुमच्या प्रश्नात मुलांच्या मागे खरं कारण तेच दिसतंय. त्यात वाईट काहीच नाही, आईवडिलांसाठी यावंसं वाटणं ही फार चांगली गोष्ट आहे. पण तुम्ही पुण्याला येताय आणि ते कोल्हापूरला आहेत. मधे साधारण २३० किलोमीटर. मिस्टरांची नोकरी हिंजवडीला, घर बाणेर किंवा वाकडला, शनिवारी मुलाचा क्लास, मुलीचा वाढदिवस कुणाचातरी, आणि बघता बघता महिन्यातून एकदा कोल्हापूर, तेही शनिवारी रात्री पोचून रविवारी दुपारी निघायचं. मी अशी घरं बघितलीत जिथे आजोबा म्हणाले, अमेरिकेत होतात तेव्हा रोज अर्धा तास व्हिडिओवर बोलायचात, आता तेवढंही नाही. म्हणून आधी सासऱ्यांना विचारा की त्यांना नक्की काय हवंय. पुण्याला येऊन राहतील का? बहुतेक नाही म्हणतील, कोल्हापुरात त्यांचं सगळं आयुष्य आहे, डॉक्टर, शेजार, सकाळचा रंकाळ्यावरचा फेरा. मग दोघांपैकी एकाला घरून काम करता येईल का आणि काही काळ कोल्हापुरातच राहता येईल का, हेही बघा, तिथे चांगल्या शाळा आहेत आणि मुलांना चालत जाता येईल अशी अंतरं आहेत. लोक हा पर्याय बघतच नाहीत, पुणे नाहीतर काही नाही असं धरून चालतात.

आणि एकत्र राहायचं ठरलं तर त्याचं ओझं बहुतेक वेळा तुमच्यावर येईल हे तुम्हालाही माहीत आहे. तुम्ही लिहिलं नाहीयेत पण तुमची नोकरी आहे की नाही, इथे आल्यावर काय, याबद्दल अख्ख्या प्रश्नात एक ओळ नाही, आणि ते मला खटकलं. मुलाच्या पहिल्या वर्षात घरात निदान एक माणूस असा लागतो ज्याच्याकडे संध्याकाळी ऐकायला ताकद शिल्लक आहे. तो माणूस तुम्ही असणार असाल तर तुमची नोकरी, तुमच्या झोपेचे तास, स्वयंपाकाला बाई, घर वेगळं पण जवळ की एकाच घरात, हे आत्ताच नवऱ्याशी उघडपणे बोला. ज्या घरांत हे निघायच्या आधी बोललं गेलं तिथली मुलं लवकर रुळली, हे मी खात्रीने सांगू शकते.

दोघांचं एकमत नसेल तर मात्र थांबा. 'तू मुलांना घेऊन पुढे जा, मी सहा महिन्यांत येतो' असं करून नंतर एक जण आलाच नाही आणि मग मुलांच्या ताब्यावरून भांडण, हे मी बघितलंय. मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात एकतर्फी नेण्याबद्दलचा १९८० चा जो हेग करार आहे त्यावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे असली प्रकरणं दोन देशांच्या कोर्टांत वर्षानुवर्षं अडकतात आणि मूल मधे. तुमच्यात असं काही आहे असं मी म्हणत नाहीये. पण मनात एक टक्काही शंका असेल तर आधी ती मिटवा.

पहिलं वर्ष कसं जाईल ते सांगते. पहिले दोन-तीन महिने छान जातात, पाऊस, आजी, गणपती, सगळे लाड करतात. मग ऑक्टोबर संपताना मूल एकदम बसतं. तिकडे हॅलोविन असतो, मित्र व्हिडिओ कॉलवर पोशाख दाखवतात, इकडे दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झालेली किंवा होणार असते, आणि मूल पहिल्यांदा नीट समजून घेतं की आपण सुट्टीला आलेलो नाही. पोट दुखतं, सकाळी शाळेला जायचं नसतं, लहान भावंडावर राग निघतो. गलाहॉर्न नवरा-बायकोंनी १९६३ मध्ये हा चढ-उताराचा आलेख मांडला होता, घरी परतणाऱ्या माणसाचा, त्यात परतल्यावरचा हा दुसरा खड्डा येतो. साधारण फेब्रुवारी-मार्चपर्यंत तो चालतो. तेव्हा घाबरून शाळा बदलू नका, आणि 'चला परत जाऊ' हेही बोलू नका. फक्त रात्री त्याच्या खाटेवर बसा आणि डॅलसबद्दल बोलू द्या. जुन्या मित्रांशी आठवड्यातून एकदा ठरवून कॉल ठेवा. सहा-सात आठवडे झाले आणि जेवण-झोप सुधारलीच नाही तर मात्र शाळेच्या समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरकडे जा, वाट बघू नका.

आणि तिकडेच राहायचं ठरलं तर? तर तेही पूर्ण ठरवा. अमेरिकेतल्या आपल्या लोकांत एक्स प्लस वन म्हणतात तो प्रकार मुलांना सगळ्यात जास्त त्रास देतो, म्हणजे दर वर्षी 'पुढच्या वर्षी जाऊ'. माझ्याकडे एक मुलगा यायचा, त्याला चार वर्षं कुत्रा हवा होता आणि चारही वर्षं घरून उत्तर एकच, आता कशाला, आपण जाणारच आहोत. शेवटी ते आले तेव्हा तो चौदाचा होता, त्याने मला विचारलं, मॅडम, ते चार वर्षं मी कुठे राहत होतो? मला त्याला उत्तर देता आलं नाही. तुमच्या मुलानेही रोज रात्रीचं तुमचं बोलणं ऐकलेलं आहे, खोलीचं दार बंद असलं तरी. रूथ यूसीम म्हणून अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होत्या, १९५० च्या दशकात त्या भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करायला इथे आल्या होत्या आणि त्यातूनच 'थर्ड कल्चर किड' हा शब्द आला, आईवडिलांचा देश एक, राहायचा देश दुसरा, आणि मुलाची स्वतःची तिसरीच दुनिया. ती तिसरी दुनिया वाईट नसते, मुलं तिच्यात चांगली वाढतात. पण आपलं घर कुठे आहे हे त्यांना निदान काही वर्षांपुरतं माहीत असावं लागतं.

तुमच्या जागी मी असते तर येत्या जूनमध्ये आले असते. मुलगा सातवीत बसतोय, त्याचा व्हिसा त्याला पुढे आधार देणार नाही, मुलगी अजून लहान आहे, सासऱ्यांची तब्येत सांभाळायला माणूस हवाय. पण एका अटीवर, की दोघांचं खरोखर एकमत आहे आणि तुमच्या कामाचं काहीतरी ठरलंय. हे दोन्ही नसेल तर मुलगा बारावी होईपर्यंत तिकडे राहा, आणि त्याला आजच सांगा की आपण इथेच आहोत, काय खेळायचंय, काय वाजवायचंय ते निवड.

अजून काहीच ठरत नसेल तर डिसेंबरच्या सुट्टीत येऊन बघू नका, तेव्हा लग्नं, हुरडा, थंडी, सगळंच गोड असतं. टेक्सासच्या शाळा मेअखेर सुटतात आणि आपल्याकडच्या बऱ्याच शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, म्हणून जून-जुलैत या. आजीकडे उतरू नका, ज्या भागात राहायचा विचार आहे तिथे सहा आठवडे भाड्याने फ्लॅट घ्या. गाडी-ड्रायव्हर नको. भाजी आणा, पावसात अडका, लाइट जाऊ दे, मुलाला सोसायटीत रोज संध्याकाळी खाली पाठवा, एखादी शाळा दोन-चार दिवस बसू देत असेल तर बसवा. आणि परत जाताना विमानात त्याला एकच विचारा, खाली कुणाचं नाव लक्षात राहिलं का. निदान दोन नावं सांगितली, तर या.